कातळ, घळ आणि घसारा: ब्लेंडरमध्ये सह्याद्री उभा करताना

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक सपाट प्लेन घ्यायचं, त्यावर नॉइज टेक्श्चर, म्हणजे गणिताने बनवलेला अनियमित खडबडीतपणा लावायचा आणि उंचीचा आकडा वाढवत न्यायचा. पाच मिनिटांत डोंगर तयार. तो डोंगर म्हणून खपूनही जातो, फक्त कुठला म्हणून विचारलं की उत्तर नसतं. त्यावर दगडाचा फोटो चिकटवा, गवत पेरा, धुकं सोडा, तरी डोंगर भटकलेल्या माणसाला काहीतरी चुकल्याचं लगेच जाणवतं.

चूक बहुतेक वेळा टेक्श्चरच्या दर्जात नसते. खऱ्या डोंगराचा पृष्ठभाग तीन गोष्टी ठरवतात: खडक कोणता आहे, उतार किती आहे आणि पाणी कुठून वाहतं. नॉइजला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो शिखरावर जेवढा खडबडीत, तेवढाच दरीतही. १९८०च्या दशकात संगणक-चित्रणाचे अभ्यासक केन मसग्रेव्ह यांनी याच दुखण्यावर काम केलं. उंचीनुसार खडबडीतपणा बदलणारे फ्रॅक्टल (लहान-मोठ्या मापांत तोच आकार पुन्हा पुन्हा येणारी रचना) आणि पाण्याच्या झिजेचं अनुकरण त्यांनी वापरात आणलं. त्यांच्या नावाचा मसग्रेव्ह नोड ब्लेंडरमध्ये बरीच वर्षं होता, ४.१ आवृत्तीपासून तो नॉइज टेक्श्चर नोडमध्येच मिसळला आहे.

या लेखात एकच ठिकाण घेऊ: हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, कोकणातून म्हणजे पायथ्याच्या बेलपाडा गावाच्या बाजूने दिसणारा. साधनं फुकटची आहेत: क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर आणि ब्लेंडर ४.१ किंवा पुढची आवृत्ती. नोडची तोंडओळख असेल तर पुरे.

आधी ऋतू आणि जागा ठरवा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी दोन निर्णय घ्यावे लागतात. पहिला ऋतूचा. जुलैतला कडा काळा, ओला आणि धबधब्यांनी भरलेला असतो, ऑक्टोबरअखेर गवत सोनेरी होतं, एप्रिलमध्ये सगळं करपलेलं आणि हवा धुरकट. यातलं अर्ध इथून, अर्ध तिथून घेतलं की चित्र कुठल्याच महिन्याचं राहत नाही. आपण डिसेंबर धरू: गवत वाळलेलं, घळीतली झाडी अजून हिरवी, हवा बऱ्यापैकी स्वच्छ.

दुसरा निर्णय कॅमेऱ्याच्या जागेचा. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे की ड्रोनच्या उंचीवर, यावर कुठल्या भागात किती बारकावा लागणार ते ठरतं. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या उतारावर दगड पेरण्यात रात्री घालवणारे कलाकार कमी नाहीत.

उंचीची माहिती

खऱ्या डोंगराचा मोठा आकार कल्पनेतून घडवायची गरज नाही, तो मोजलेला आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची टिपली. तो एसआरटीएमचा (शटल रडार टोपोग्राफी मिशन) संच साधारण ३० मीटरच्या जाळीत मोफत मिळतो. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचा ३० मीटरचा संच त्यानंतरचा, टॅनडेम-एक्स या रडार उपग्रहांच्या मोजणीवर आधारलेला. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर कार्टोसॅट-१ वरून बनवलेला संचही आहे. मी कोपर्निकस वापरायला सांगेन. तीव्र उताराच्या दऱ्यांत रडारला तळ दिसत नाही आणि एसआरटीएमच्या मूळ मोजणीत अशा जागी भोकं पडलेली होती, जी नंतर बुजवली गेली. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अशा जागांना तोटा नाही.

ओपनटोपोग्राफीच्या संकेतस्थळावर १९.४ उत्तर, ७३.८ पूर्व याच्या आसपासचा चौकोन निवडा आणि जिओटिफ (नकाशावरच्या जागेची माहिती असलेली चित्रफाइल) उतरवून घ्या. कॅमेऱ्यामागचा प्रदेश नको, पण क्षितिजावर दिसणाऱ्या रांगा हव्यात, म्हणून चौकोन थोडा ऐसपैस घ्या.

एक लक्षात ठेवा: एसआरटीएम आणि कोपर्निकस हे दोन्ही रडार संच 'पृष्ठभागाचे' आहेत. दाट जंगलात ते जमिनीची नाही, झाडांच्या शेंड्यांच्या आसपासची उंची दाखवतात. म्हणून रानाच्या कडेला जमिनीला अचानक पायरी दिसली तर ती कातळाची समजू नका.

क्यूजीआयएसमधली तयारी

उतरवलेल्या फाइलमध्ये आडवं अंतर अंशांत असतं आणि उंची मीटरमध्ये. ती तशीच ब्लेंडरमध्ये नेली की प्रमाण बिघडतं. म्हणून वॉर्प टूलने ती यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशापद्धतीच्या झोन ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदला. रीसॅम्पलिंगला (नव्या जाळीतले आकडे जुन्यावरून काढण्याच्या पद्धतीला) क्यूबिक निवडा. नीअरेस्ट नेबर ठेवलं तर उतारांवर बारीक पट्टे उमटतात आणि ते रेंडरमध्ये तिरप्या उन्हात नेमके उठून दिसतात.

मग हवा तेवढा, समजा १० किलोमीटर बाय १० किलोमीटरचा, चौकोन कापा. त्यातली सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंची लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. ट्रान्सलेट टूलने हा उंचीचा पल्ला ० ते ६५५३५ वर पसरवून १६ बिट पीएनजी काढा. ८ बिट चालत नाही. ८ बिटमध्ये २५६च पायऱ्या असतात. १२०० मीटरचा चढ त्यात बसवला की एकेक पायरी जवळपास ५ मीटरची होते आणि डोंगर भातखाचरांसारखा दिसू लागतो. १६ बिटमध्ये तीच पायरी २ सेंटिमीटरपेक्षा कमी.

इथेच आणखी एक नकाशा काढून घ्या, जो बहुतेक जण काढत नाहीत: पाणी साठत जाण्याचा नकाशा. क्यूजीआयएससोबत येणाऱ्या ग्रासच्या साधनांत 'आर डॉट वॉटरशेड' आहे. प्रत्येक बिंदूत वरच्या किती क्षेत्राचं पाणी येतं ते त्यातून कळतं. सोंडेच्या धारेवर हा आकडा एक-दोन आणि ओढ्यात हजारोंच्या घरात असतो. त्यामुळे त्याचं लॉगरिदम घेऊनच चित्र बनवा, नाहीतर सगळं काळं आणि मधोमध दोन पांढऱ्या रेघा एवढंच मिळेल. ओलावा, झाडी, गाळ, दगडावरचे काळे ओघळ या सगळ्यांचा मास्क, म्हणजे काय कुठे दिसावं ते ठरवणारं चित्र, हाच.

ब्लेंडरमधला पाया

एक युनिट म्हणजे एक मीटर धरा. कॅमेरा आणि व्ह्यूपोर्ट, दोन्हींची क्लिप एंड (किती दूरपर्यंतचं दिसावं ती मर्यादा) ३०-४० हजारांवर न्या. जाळी मूळ बिंदूपाशी ठेवा. यूटीएममध्ये या भागाचा उत्तरेकडचा आकडा २१ लाखांहून जास्त आहे. तेवढ्या अंतरावर वस्तू ठेवली तर ब्लेंडरच्या दशांश गणिताची अचूकता पाव मीटरवर येते आणि बारीक दगड थरथरल्यासारखे दिसतात.

जाळी जिओमेट्री नोड्समध्ये बनवा. ग्रिड नोड, त्यावर इमेज टेक्श्चर, आणि सेट पोझिशनने झेड दिशेत उचल. इमेजची कलर स्पेस नॉन-कलर, इंटरपोलेशन क्यूबिक, एक्स्टेन्शन एक्स्टेंड. शेवटचं रिपीट राहिलं तर नकाशाच्या काठावर नसलेल्या भिंती उभ्या राहतात. उचलीचा गुणक म्हणजे मघाशी लिहून ठेवलेल्या दोन उंचींमधला फरक, मीटरमध्ये. तो वाढवण्याचा मोह होतो. वाढवू नका. कोकणकडा उंच दिसत नसेल तर बहुतेक वेळा कॅमेरा चुकीच्या जागी असतो किंवा लेन्स फार रुंद असते. ३५ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान पाहा.

३० मीटरच्या जाळीत १० किलोमीटरसाठी सुमारे १ लाख ११ हजार बिंदू लागतात, कुठल्याही संगणकाला झेपतात. कॅमेऱ्याजवळच्या दीड-दोन किलोमीटरसाठी २ ते ५ मीटरची वेगळी जाळी करा. मागच्या रांगा ३० मीटरवरच राहू द्या, पुढे धुक्यात त्या विरघळणारच आहेत.

आता जे दिसतं ते मऊ, गुळगुळीत, साबणाचं असेल. तसंच असायला हवं. ३० मीटरच्या मोजणीत साधारण ६० मीटरपेक्षा लहान काहीच पकडता येत नाही. म्हणजे मोठ्या सोंडा, घळी, पठार हे निसर्गाने दिलं; ६० मीटरखालचं सगळं आपल्याला घडवायचं आहे. ही सीमा स्पष्ट ठेवली की निम्मे गोंधळ टळतात. उदाहरणार्थ, या जाळीवर पुन्हा मोठ्या मापाचा नॉइज किंवा झिजेचं सिम्युलेशन चढवू नका. लाखो वर्षांच्या पावसाने ते काम करून ठेवलं आहे, आपण फक्त बिघडवू. झीज चालवायचीच असेल तर बारीक केलेल्या जाळीवर आणि थोडा वेळ.

थर: सह्याद्रीची खूण

दख्खनचे लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेले. म्हणून आपल्या डोंगरांत जवळजवळ आडवे थर दिसतात: घट्ट बेसॉल्टचा उभा कातळटप्पा, त्यावर सच्छिद्र आणि लवकर झिजणाऱ्या थराचा गवताळ उतार, पुन्हा कातळ. मध्येमध्ये लालसर मातकट पट्टा, भूगर्भशास्त्रात ज्याला रेड बोल म्हणतात. हिमालयात किंवा आल्प्समध्ये थर वाकलेले, उभे, दुमडलेले असतात. त्यांच्यासाठी बनवलेली तयार मटेरियल्स इथे लावली की डोंगर परका दिसतो तो यामुळेच.

हे घडवायची युक्ती सोपी आहे. पोझिशनमधला झेड घ्या आणि तो एका मितीच्या नॉइज टेक्श्चरला द्या. नॉइजमध्ये डायमेन्शन '१डी' निवडलं की एकच डब्ल्यू इनपुट उरतो, झेड तिथे जोडा. स्केल ०.०३ ठेवलं तर थर साधारण ३०-३५ मीटरचे येतात, आणि कमीजास्त जाडीचे येतात. वेव्ह टेक्श्चरने सारख्या जाडीच्या पट्ट्या मिळतात, आणि त्या कुठल्याही डोंगरात नसतात.

झेड थेट देऊ नका. त्याआधी ५०० मीटर मापाचा मंद त्रिमितीय नॉइज ५ ते ८ मीटर एवढाच त्यात मिसळा. थर किंचित वर-खाली होतात, पट्टीने आखल्यासारखे वाटत नाहीत. नॉइजचं उत्तर फ्लोट कर्व्हमधून न्या आणि कर्व्ह मध्यभागी तीव्र करा. कठीण थर पुढे येतात, मऊ थर आत जातात. मग बिंदू या मापाने सरकवा, पण वर नाही, नॉर्मलच्या (पृष्ठभागाला काटकोनात बाहेर जाणाऱ्या दिशेच्या) आडव्या दिशेने, २ ते ६ मीटर. आणि हे फक्त उतार जिथे जास्त आहे तिथेच.

उतार कसा मोजायचा? नॉर्मलचा झेड घटक हेच मोजमाप. सपाटीवर तो १, ३० अंशांवर ०.८७, ४५ वर ०.७१, ६० वर ०.५. तो मॅप रेंजमधून नेऊन मास्क बनवा आणि 'उतार' नावाने अ‍ॅट्रिब्यूट साठवा, म्हणजे शेडरमध्येही वापरता येईल. मोजणी थर सरकवण्याआधीची साठवा. नंतरची घेतली तर प्रत्येक बारीक खाचेत मास्क उड्या मारतो आणि कातळावर गवताचे ठिपके उगवतात.

आडव्या थरांना उभ्या चिरा छेदतात. व्होरोनॉई या तुकड्यातुकड्यांच्या टेक्श्चरचं 'डिस्टन्स टू एज' घ्या, झेड अक्षाला दहा पटीने ताणा, म्हणजे झेडला ०.१ ने गुणा. चिरा उभ्या होतात. जोर कमी ठेवा आणि कठीण थरांतच जास्त दिसू द्या, मऊ थरात नाही.

कडा: इथे हाइटमॅप संपतो

आपण वापरला तो उंचीचा नकाशा, म्हणजे हाइटमॅप; त्यात एका जागेला एकच उंची असते. कोकणकडा तर वाटीसारखा अर्धगोल आणि पोटात वळलेला आहे, माथा पुढे आणि पोट आत. असा आकार हाइटमॅपमध्ये मुळात लिहिताच येत नाही. राजगडाच्या सुवेळा माचीवरचं नेढं घ्या, तीच अडचण: वर कातळ, मध्ये आरपार भोक, खाली पुन्हा कातळ. शिवाय ३० मीटरच्या एका घरात शेकडो मीटरचा उभा कडा आला की त्या चौकोनाचे कागदासारखे ताणलेले तुकडे होतात, त्यावर कितीही चांगलं टेक्श्चर टाका, ओघळलेलंच दिसतं.

म्हणून कडा वेगळा घडवा. ज्या पृष्ठांचा उतार ५५-६० अंशांच्या वर आहे ती निवडून वेगळी प्रत काढा. मागच्या बाजूला ती ५०-६० मीटर एक्स्ट्रूड करून (ओढून जाडी देऊन) बंद घनाकार करा. उघड्या पृष्ठभागावर व्हॉक्सेल रीमेश (सारख्या मापाच्या घनांवरून जाळी नव्याने विणणं) नीट चालत नाही. मग २ मीटर व्हॉक्सेलने रीमेश. आता बिंदू सगळीकडे सारखे पसरले. स्कल्प्ट मोडमध्ये ग्रॅब ब्रशने कड्याचं पोट आत ढकला आणि माथा तसाच ठेवा. समोर स्वतः काढलेले किंवा वापराची परवानगी असलेले फोटो ठेवा, वेगवेगळ्या बाजूंचे. वाटीचा तो अर्धगोल एकाच फोटोवरून कळत नाही. आकार जमला की वरचीच थर आणि चिरांची नोडरचना या वस्तूला लावा. त्रिमितीय नॉइज जागेवर अवलंबून असल्याने शेजारच्या उतारावरचे थर कड्यावरच्या थरांशी आपोआप जुळतात. हे जुळताना पाहणं हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत सुखाचा भाग आहे.

फोटोचं टेक्श्चर वापरणार असाल तर इमेज टेक्श्चरमध्ये प्रोजेक्शन बॉक्स करा, ब्लेंड ०.२-०.३, आणि कोऑर्डिनेट ऑब्जेक्टचे. यूव्ही विसरा.

जोड लपवायचा सोपा मार्ग निसर्गानेच दिला आहे: घसारा. कड्याच्या पायथ्याशी पडलेल्या दगडगोट्यांचा उतार साधारण ३० ते ३७ अंशांत स्थिरावतो. घळीच्या तोंडाशी तो पंख्यासारखा पसरतो. बेलपाड्याहून घळीतून वर जाणाऱ्या नळीच्या वाटेने चढलेल्यांना या दगडांची ओळख पायाने झालेली असते. मोठे धोंडे गडगडत सर्वांत खाली जातात आणि बारीक खडी वर, कड्याच्या जवळ राहते. पेरताना आकार उंचीशी उलट जोडा. ही एक गोष्ट केली तरी पायथा खरा वाटू लागतो.

रंग

बेसॉल्ट काळा आहे, पण पूर्ण काळा नाही. बेस कलरची किंमत ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान ठेवा, उन्हापावसाने पिकलेल्या पृष्ठभागाला थोडा तपकिरी-राखाडी कल द्या, रफनेस ०.८ च्या वर. पाणी झिरपतं तिथे रंग गडद आणि रफनेस ०.३-०.४. हे ओघळ मघाच्या पाण्याच्या नकाशावरून कड्याच्या माथ्यावर सुरू करा आणि झेडमध्ये ताणलेल्या नॉइजने खाली उतरवा. डिसेंबरात बरेचसे वाळलेले असतात, फक्त डाग उरतात.

लाल रंग जपून. रेड बोलचा पट्टा पातळ असतो, एखाद-दुसऱ्या थरातच दाखवा. महाबळेश्वर-पाचगणी, कास इथल्या पठारांवर जांभा आहे म्हणून सगळ्या सह्याद्रीला तांबडं करणं बरोबर नाही. कोकणातल्या सड्याचं, म्हणजे उघड्या खडकाळ पठाराचं चित्र काढायचं असेल तर गोष्ट निराळी. तिथे जांभाच मुख्य आणि थरांची ही सगळी रचना गैरलागू.

शेडरमधला क्रम असा ठेवा: तळाला कातळ, ४५ अंशांखाली माती आणि वाळकं गवत, पाण्याचा आकडा जास्त तिथे हिरवं. प्रत्येक मास्कची कड नॉइजने फाडा. सरळ कड हा संगणकाचा पहिला पुरावा.

झाडी

डिस्ट्रिब्यूट पॉइंट्स ऑन फेसेसला घनतेसाठी उतार आणि पाणी या दोन मास्कचा गुणाकार द्या. उतारांवर कारवीची दाटी, घळीत उंच झाडं, कड्याच्या आडव्या फळ्यांवर तुरळक झुडपं आणि गवताचे झुबके. फळ्यांवरचं गवत विसरू नका, कारण थर दूरवरून ओळखू येतात ते त्या पिवळ्या आडव्या रेघांमुळेच. हिरव्याचा गडदपणा वाढवा आणि सॅच्युरेशन कमी करा. नवशिक्यांच्या चित्रांत झाडी नेहमी पोपटी असते. कॅमेऱ्यापासून दोन किलोमीटरपलीकडे झाडं पेरण्याऐवजी नुसता रंग आणि थोडा बंप (आकार न बदलता दिलेला खडबडीतपणाचा भास) पुरतो.

ऊन आणि हवा

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळी सावलीत असतो. डिसेंबरात दुपारी चारनंतर सूर्य नैऋत्येला बराच खाली असतो, त्या वेळी वाटीच्या एका बाजूला ऊन आणि दुसरीत सावली पडते, थरांच्या खाचा उठतात. सन पोझिशन अ‍ॅड-ऑनमध्ये अक्षांश-रेखांश आणि तारीख भरली की दिशा नेमकी मिळते. सूर्याचा कोन ०.५३ अंशांवर ठेवा. वाढवलात तर सावल्यांच्या कडा मऊ होतात आणि डोंगर टेबलावरचं मॉडेल वाटतो. त्याच कारणाने डेप्थ ऑफ फील्ड बंद.

हवेसाठी व्हॉल्यूम स्कॅटर वापरायचं तर घनता ०.०००१ पासून सुरू करा. मीटरच्या मापात याचा अर्थ १० किलोमीटरवरून येणाऱ्या प्रकाशापैकी ३७ टक्के सरळ पोचतो. डिसेंबरसाठी यापेक्षा थोडं कमी, मेसाठी बरंच जास्त. मशीन कुरकुरत असेल तर मिस्ट पास (अंतराप्रमाणे फिका होत जाणारा वेगळा थर) काढून कंपोझिटिंगमध्ये निळसर-राखाडी रंग मिसळा. स्थिर चित्रात फरक फारसा जाणवत नाही आणि रेंडर कितीतरी लवकर होतो.

तपासणी

रंग लावण्यापूर्वी एकदा, आणि शेवटी एकदा, सगळी मटेरियल्स काढून नुसत्या करड्या रंगात रेंडर करा. डोंगर करड्यातही ओळखू यायला हवा. मग बेलपाड्याच्या बाजूने काढलेल्या फोटोची क्षितिजरेषा त्यावर अर्धपारदर्शक ठेवून जुळवा. रेषा जुळत नसेल तर आधी कॅमेऱ्याची उंची आणि फोकल लेंग्थ तपासा, डोंगर ओढू नका.

शेवटी चौकटीत एक झाड ७-८ मीटरचं आणि एक घर ठेवून पाहा. कातळावरचा नॉइज त्या झाडाएवढ्या मापाचा निघाला तर बारीक ऑक्टेव्ह (नॉइजमधले बारीक मापाचे थर) कमी पडत आहेत. नॉइजचं डिटेल वाढवा आणि १ मीटरखालचं काम बंपवर सोडा. झाड काढून टाकलं तरी चालेल, घर बेलपाड्याच्या दिशेला असेल तर राहू द्या.